गाठ सोमवारी काढू नका, आधी तुकडा तपासा

ताई, तुम्ही लिहिलंय की पाच वर्षांच्या मुलाच्या पोटरीत दोन महिन्यांत लिंबाएवढी गाठ झाली, दुखत नाही, आणि तिथले सर्जन 'चरबीची असेल, सोमवारी काढून टाकू' म्हणतात. सोमवार रद्द करा. मुलांच्या बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण वाढती आणि खोलवरची गाठ तपासल्याशिवाय साधी मानायची नाही. दुखत नाही यावर तर जाऊच नका. ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा, म्हणजे मुलांमध्ये होणारा स्नायूंसारख्या पेशींचा कॅन्सर, तोसुद्धा बरेचदा दुखत नाही.

आधी एमआरआय. बायोप्सीनंतर, म्हणजे तपासायला तुकडा काढल्यावर, आत रक्त साकळतं, मग चित्र गढूळ येतं. त्यानंतर जाड सुईने तुकडा, आणि तोही पुढचं ऑपरेशन करणाऱ्या टीमनेच घ्यावा, कारण सुईची वाट नंतर गाठीबरोबर काढावी लागू शकते. पायावर छेद घ्यावा लागलाच तर उभा, आडवा नाही. अंदाजाने गाठ काढली आणि कॅन्सर निघाला, तर मागे पेशी राहतात आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा मोठं होतं.

मी लॅबमध्ये टेक्निशियन होतो. एका मे महिन्यात लहान मुलाच्या गाठीचा तुकडा एसटीच्या पार्सलने आला, तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनऐवजी सलाईनमध्ये. झाकण उघडताच वास. स्लाइडवर पेशींच्या नुसत्या सावल्या. पोराला पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. म्हणून बिनधास्त विचारा, 'बाटलीत दहा टक्के फॉर्मॅलिन आहे ना?' तुकडा त्यात नीट बुडालेला हवा.

रिपोर्टला वेळ लागला तर चिडू नका. ऱ्हॅब्डो, युइंग, लिम्फोमा, हे वेगवेगळे कॅन्सर, पण सगळे मायक्रोस्कोपखाली सारखेच, निळे बारके गोल ठिपके. डेस्मिन, मायोजेनिन अशी पेशींतली प्रथिनं दाखवणाऱ्या खास रंगांनी ते वेगळे करतात. ऱ्हॅब्डो निघालाच तर फॉक्सओ-१ जनुकाची तपासणीही करायला सांगा, उपचार किती कडक द्यायचे ते त्यावर बरंच ठरतं.

माझं मत विचाराल तर थेट परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटल गाठा. रात्री चिपळूणला कोकणकन्येत बसलात की पहाटे मुंबई. बायोप्सी इकडेच झाली तर नुसता कागद नेऊ नका, स्लाइड्स आणि तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक हातातल्या पिशवीत ठेवा, गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात नको, मेण मऊ होतं.

आणि आजीला सांगा, तेल लावून चोळणं, शेक, लेप आजपासून बंद.