'नॉशस' आणि बोट लागणे

सांगलीत नर्सिंग शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, रुग्णाच्या नोंदीत तिने 'पेशंट इज नॉशस' असे लिहिले, तेव्हा वरिष्ठांनी त्यावर काट मारून 'नॉशिएटेड' केले. मैत्रिणी मात्र दोन्ही शब्द एकच म्हणतात, तर खरे काय?

वरिष्ठांचे बरोबर आहे. 'नॉशस' म्हणजे मळमळ आणणारे आणि 'नॉशिएटेड' म्हणजे मळमळ होत असलेला. नासलेल्या मासळीचा वास नॉशस असतो. तो ज्याच्या नाकात गेला तो माणूस नॉशिएटेड होतो. 'किळसवाणा माणूस' आणि 'किळस आलेला माणूस' यांची गल्लत मराठीत कोणी करणार नाही, मग इंग्रजीत ती रोज का ऐकावी लागते, याचा मला मनस्वी त्रास होतो. मेरियम-वेबस्टर हा अमेरिकन कोश तर असा भेद सक्तीने पाळायला सांगणारेच चुकतात, असे बजावतो. रूढ झालेला वापर नोंदवणे हे कोशकाराचे कामच आहे. परंतु दोन अर्थांसाठी दोन शब्द हाताशी असताना ते नीट जपणाऱ्याला चूक ठरवण्याचा अधिकार कोशाला कोणी दिला?

आपल्याकडे ही चूक होण्याचे कारण मला आपल्या व्याकरणात दिसते. 'मला मळमळते', 'मला शिसारी आली', 'मला त्याचा वीट आला' या सर्व वाक्यांत ज्याला त्रास होतो तो कर्ता नसतोच, तो 'मला' म्हणून बाजूला उभा असतो. इंग्रजी वाक्यात तोच माणूस कर्त्याच्या जागी आणून बसवावा लागतो, आणि त्याला कोणते विशेषण लावायचे याची सवय मराठी जिभेला नसते.

आता या शब्दाच्या मुळाकडे येतो, कारण त्यात खरा आनंद आहे. ग्रीक भाषेत 'नाउस' म्हणजे नौका, आणि नौकेत बसल्यावर पोटात जे ढवळते ते 'नाउसिया'. ग्रीकमधून तो शब्द लॅटिनमध्ये गेला, तेथून इंग्रजीत 'नॉशिया' झाला, आणि वाटेत त्याच्यातील समुद्र आटून केवळ मळमळ उरली. ही 'नाउस' म्हणजे आपल्या संस्कृत 'नौ' शब्दाची सख्खी बहीण. 'नावेव सिन्धुम्', म्हणजे नावेने सिंधू पार करावी तसा अग्नी आम्हाला संकटांतून पार नेवो, असे ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात म्हटले आहे. त्यातली नाव, कृष्णेतली नाव आणि इंग्रज डॉक्टरांची नॉशिया ही एकाच घरची मंडळी आहेत.

मात्र बहीण म्हटले म्हणजे आई नव्हे. 'नॅव्हिगेशन' हा शब्द संस्कृत 'नवगति'वरून इंग्रजांनी उचलला, असे सांगणारे संदेश सुशिक्षित माणसेही श्रद्धेने पुढे पाठवतात, आणि ते साफ खोटे आहे. लॅटिन 'नाविस' म्हणजे नौका आणि 'आगेरे' म्हणजे हाकणे, यांतून तो शब्द घडला. त्यातल्या 'आगेरे'चेही नाते संस्कृतच्या 'अज्' धातूशी आहेच. मग खरे नाते इतके जवळचे असताना खोटे कशाला जोडावे?

ग्रीकांनी वाहनावरून दुखण्याला नाव दिले, आणि त्यांना न विचारता मराठीनेही तेच केले: बोट लागणे, गाडी लागणे. वाईहून पाचगणीला जाणाऱ्या एसटीने पसरणी घाटाचे पहिले वळण घेतले की एखादी आजी पदराच्या गाठीतून आवळासुपारी काढते आणि पुढच्या प्रवाशाला म्हणते, "बाळा, नातीला जरा खिडकीशी बसू दे, तिला गाडी लागती." या वाक्यात गाडी कर्ता आहे, लागणे हे तिचे काम आहे, आणि 'तिला' पुन्हा बाजूला उभी आहे. उन्हाने, थंडीने, दृष्टीने लागावे तसे गाडीने लागावे, यापेक्षा नेमके काय सांगता येईल?

माझे ठाम मत असे आहे की 'गाडी लागणे' हे 'बोट लागणे' याच्याच साच्यावर घडले. बैलगाडीतून आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके प्रवास केला, तरी 'बैलगाडी लागली' असे कोणी म्हणत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर आगबोटी एकोणिसाव्या शतकातच धावू लागल्या. मोटारी घाटांत चढल्या त्या पुढच्या शतकात, आणि एसटी तर १९४८ सालची. कृष्णेच्या संथ पाण्यात नाव कोणाला लागत नसे, म्हणून हा प्रयोग आम्हा घाटावरच्यांना सुचलेला नसणार. तो कुंभार्ली घाट चढून चिपळूणकडून पाटण-कराडला आला असावा. 'लागणे' हे क्रियापद असेही कशालाही लागते, बोटीचा त्यात संबंध नाही, हा आक्षेप मी ऐकला आहे. तो घेणाऱ्यांनी बैलगाडी का लागत नाही ते आधी सांगावे.

नोंदीपुरते सांगायचे तर, विशेषणाच्या फंदात न पडता 'कम्प्लेन्स ऑफ नॉशिया' असे नामच लिहावे, म्हणजे वरिष्ठांना काट मारायला जागाच राहणार नाही.