घरी बांधलेल्या सेव्हनमध्ये हवा किती भरायची?

तुमची गाडी लोटस सेव्हन या हलक्या, उघड्या, दोन सीटच्या इंग्लिश स्पोर्ट्स गाडीच्या धर्तीवर बांधलेली, त्यामुळे दाराजवळचं हवेचं स्टिकर नाही (दारच नाही म्हणा!). टायरवर ५१ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) छापलंय, पंक्चरवाला ३५ भरून देतो, मग खरं काय, हा तुमचा प्रश्न.

भाऊ, दोन्ही सोडा. ५१ ही त्या टायरची कमाल मर्यादा आहे, आणि पंक्चरवाल्याचे ३५ हाताला बसलेल्या सवयीचे. मीही सुरुवातीला ३५ वरच फिरलो. पाठीचे मणके मोजून झाले, आणि पहिल्या पावसात वळणावर गाडीचं बूड थेट तुरीच्या धुऱ्याकडे गेलं.

आधी वजन करा. मी हिंगणघाटजवळ एका जिनिंगच्या काट्यावर गेलो. कापसाच्या गाड्यांच्या रांगेत आमची ही ठेंगणी. काटेवाला म्हणे, "कापूस कुठाय?" आधी नुसती पुढची चाकं काट्यावर घेतली, मग पूर्ण गाडी; मी सीटवर, टाकी अर्धी. पुढे २६०, एकूण ५८०, म्हणजे मागे ३२० किलो. मोठा काटा दहा-दहा किलोनं सरकतो, तेवढं चालतं.

एवढ्या हलक्या गाडीला १३ इंची टायरमध्ये २२ पासून सुरुवात करा. इंग्लंडात १९७३ पासून सेव्हन बनवणारे केटरहॅमवालेही विशीच्या आसपासच सांगतात.

मग खडू घ्या. टायरच्या नक्षीवर आडवी जाड रेघ ओढा आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर अर्धा किलोमीटर सरळ जा. रेघ नुसती मधेच पुसली तर हवा जास्त, कडांनाच पुसली तर कमी. एकेक पीएसआय बदलत मी पुढे १९, मागे २१ वर थांबलो. पांदणीनं शेतात जायचं असेल तर २ वाढवतो, नाहीतर दगडावर रिम बसते.

हवा सकाळी, गाडी हलवायच्या आधी मोजा. डिसेंबरच्या थंडीत बरोबर केलेली हवा मे महिन्याच्या सकाळीही दोनेक पीएसआय जास्त दाखवते, दुपारच्या तापल्या डांबरावर तर विचारूच नका. आणि गेज स्वतःचं घ्या. आमच्या चौकातल्या पंपाचं गेज माझ्यापेक्षा ३ नं कमी दाखवतं. ३५ च्या गाडीला ते खपून जातं, १९ च्या गाडीला नाही.