एसआरएक्स क्लस्टरचा नोड १ घरून का लागत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिंजवडीच्या ऑफिसात ज्युनिपर एसआरएक्स फायरवॉलची जोडी क्लस्टरमध्ये (दोन मिळून एक, प्रत्येक म्हणजे एक नोड), खाली ईएक्स स्विचचं व्हर्च्युअल चेसिस, म्हणजे एकाच स्विचसारखे चालणारे जोडलेले स्विच. घरून व्हीपीएन लावल्यावर नोड ० ला एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन) होतं, नोड १ ला पिंगसुद्धा नाही. रॅकपाशी लॅपटॉप जोडला की मात्र दोन्ही लागतात.

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. रॅकपाशी लागतं म्हणजे केबल, पोर्ट, पासवर्ड सगळं ठीक आहे. बहुधा तुमचं पॅकेट नोड १ पर्यंत पोचतंय, पण उत्तर कुठल्या वाटेनं धाडायचं हे त्याला माहीत नाही. क्लस्टरमध्ये राउटिंगची, म्हणजे वाटा ठरवणारी, प्रोसेस फक्त प्रायमरी नोडवर (तुमच्याकडे सध्या नोड ०) चालते. सेकंडरी आपल्याच सबनेटमधल्या लॅपटॉपला उत्तर देतो, पलीकडच्याला नाही. म्हणून नेहमीचे स्टॅटिक राउट टाकून त्याचं काही होत नाही. उद्या फेलओव्हर झालं, म्हणजे सेकंडरी प्रायमरी बनला, की नोड १ लागेल आणि नोड ० गप्प होईल. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात रात्री दोन वाजता मी कोथरूडहून बाणेरला गाडी काढली ती याच कारणानं, आणि तिथे पोचल्यावर दुरुस्तीला पाच मिनिटंही लागली नाहीत.

इलाज म्हणजे बॅकअप-राउटर: राउटिंगची प्रोसेस चालत नसतानाही नोडला उत्तराची वाट देणारी सेटिंग. क्लस्टरचं कॉन्फिगरेशन दोघांचं सामाईक असतं, त्यामुळे एफएक्सपी० चा (प्रत्येक नोडच्या मॅनेजमेंट पोर्टचा) पत्ता थेट लिहिला तर तो दोन्ही नोडवर जातो. नोड० आणि नोड१ असे दोन ग्रुप करा. प्रत्येकात त्या नोडचं होस्टनेम, एफएक्सपी० चा आयपी (समजा १०.१०.५०.११ आणि १०.१०.५०.१२) आणि सिस्टमखाली बॅकअप-राउटर १०.१०.५०.१ लिहा. डेस्टिनेशन म्हणून तुमच्या व्हीपीएनचं सबनेट द्या, सरसकट ०.०.०.०/० नको. अप्लाय-ग्रुप्समधली डॉलरच्या चिन्हाची 'नोड' ओळ राहून गेली तर यातलं काहीच लागू होत नाही, ती आधी बघा. यासाठी ऑफिसला जायची गरज नाही: नोड ० वर कमिट केलंत (बदल लागू केलेत) की दोन्ही नोडना जोडणाऱ्या कंट्रोल लिंकवरून ते नोड १ वर पोचतं.

१०.१०.५०.१ हा पत्ता कोअर स्विचवर असू द्या. मॅनेजमेंटचं सबनेट रेथ इंटरफेसवर (दोन्ही नोडच्या सामाईक इंटरफेसवर) पुन्हा देऊ नका. एफएक्सपी० मूळच्या राउटिंग टेबलमध्येच असतो, आणि एकच सबनेट दोन ठिकाणी दिसलं की कधी चालतं, कधी नाही असा गोंधळ होतो.

दोन्ही ग्रुपमध्ये मास्टर-ओन्ली लावून एक तिसरा पत्ताही द्या. तो नेहमी प्रायमरीवर असतो, मॉनिटरिंगला तोच पुरवा.

स्विचचं थोडक्यात सांगतो. आयपी एमई० वर (एकाच स्विचच्या मॅनेजमेंट पोर्टवर) नको, व्हीएमई वर (सगळ्या स्टॅकच्या सामाईक मॅनेजमेंट इंटरफेसवर) द्या, आणि निदान दोन सदस्यांच्या मॅनेजमेंट पोर्टला केबल लावा. एकाच स्विचला केबल असेल तर तो बंद पडला की आख्खा स्टॅक तुमच्या हातातून जातो.

हे सगळं घरून करणार असाल तर साधं कमिट करू नका, कमिट कन्फर्म्ड करा. १० मिनिटांत पुन्हा कमिट केलं नाहीत तर जुनं कॉन्फिगरेशन आपोआप परत येतं. टेलनेट बंद करताना आणि एसएसएच ठरावीक सबनेटपुरतं ठेवणारा फिल्टर लावताना तर हे हवंच.

मग एखाद्या शनिवारी रात्री रिडंडन्सी ग्रुप ० (प्रायमरी कोण हे ठरवणारा ग्रुप) मुद्दाम फेलओव्हर करून दोन्ही नोड घरून लागतात का ते बघा. लगेच उलटं फिरवू नका, दोन फेलओव्हरमध्ये किमान ३०० सेकंद जाऊ द्या.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: तुमचं व्हीपीएन याच क्लस्टरवर संपतं का? तसं असेल तर क्लस्टर पडल्यावर त्याला दुरुस्त करायची वाटही बंद. रॅकमध्ये कन्सोल सर्व्हर (उपकरणांच्या कन्सोल पोर्टवर दुरून पोचवणारा) आणि त्याला सिमकार्डवर चालणारा छोटा राउटर ठेवा, दोन्ही यूपीएसवर. गुरुवारी वीज गेली की तोच उपयोगी पडतो. व्हीपीएन कुठे संपतं आणि तुमच्या ग्रुपच्या ओळी (पासवर्ड वगळून) इथे टाका, मी बघून सांगतो.