संस्थानिकाची म्हणून विकायला आलेल्या जुन्या रोल्स-रॉइसचा मालकी-इतिहास कसा तपासावा?

1930 च्या दशकातील, शोफरने चालवायची रोल्स-रॉइस एका संस्थानिकाची म्हणून आपल्याला दाखवली गेली आहे आणि विक्रेत्याकडे एक जुना फोटो व 1960 नंतरची नोंदणीपत्रे आहेत, तर तेवढ्यावर विश्वास ठेवावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ठेवू नये.

त्या काळी कंपनी फक्त इंजिनासह चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, विकत असे आणि बॉडी बार्कर, हूपर, थ्रप अँड मॅबर्ली यांसारखे कारागीर ग्राहकाच्या मागणीनुसार बांधत. त्यामुळे अशा गाडीला चॅसीचा आणि बॉडीचा असे दोन वेगळे इतिहास असू शकतात. पुढे उघड्या गाड्यांना अधिक भाव येऊ लागल्यावर कित्येक बंद लिमोझिनच्या बॉड्या उतरवून त्याच चॅसीवर टूरर बॉड्या चढवल्या गेल्या. मी पाहिलेल्या एका गाडीत पुढची सीट चामड्याची व मागची लोकरी कापडाची होती, म्हणजे जुन्या रिवाजाप्रमाणे शोफरची जागा टिकाऊ आणि मालकाची मऊ. पण अशा लिमोझिनमध्ये शोफर व मालक यांना वेगळे करणारी जी काच असते, तिची खाच कुठेच सापडत नव्हती. दाराच्या उंबऱ्यावरील पट्टीवर एका बॉडीकाराचे नाव होते, कंपनीच्या नोंदीत दुसऱ्याचेच. तेव्हापासून मी आधी चॅसी क्रमांक उतरवून घेतो आणि मगच फोटो हातात घेतो.

या क्रमांकावरून मूळ चॅसी कार्ड शोधता येते. ही कार्डे इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये रोल्स-रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लबच्या संग्रहात आहेत. त्यांवर पहिला ग्राहक, बॉडीकार आणि गाडी सुपूर्द केल्याची तारीख आढळते. मात्र कार्डावरील नावही तारतम्याने वाचावे लागते, कारण तेथे कधी मालकाऐवजी त्या वेळी गाडी विकणाऱ्या डीलरचे नाव असते. 1950 साली राजकन्या एलिझाबेथ यांच्यासाठी तयार झालेल्या रोल्स-रॉइसच्या ‘फँटम फोर’ या मॉडेलच्या पहिल्या गाडीचे बांधणीच्या काळातील सांकेतिक नाव ‘नाभा’ होते. एवढाच कागद हाती लागला असता तर कोणीही ती पंजाबातील नाभा संस्थानाची गाडी समजले असते. फँटम फोर एकूण 18 च बनल्या आणि त्या जवळजवळ सर्व राजघराण्यांकडे व राष्ट्रप्रमुखांकडे गेल्या, म्हणून तिचा मागोवा सहज लागतो. आपल्या गाडीच्या बाबतीत तसे होणार नाही.

खरी कसोटी पहिल्या ग्राहकापासून 1960 पर्यंतच्या मोकळ्या वर्षांची आहे. संस्थाने विलीन झाल्यावर अनेक गाड्या राजवाड्यांतून बाहेर पडल्या. त्या काळातील विक्रीपत्र, विम्याची पावती किंवा राजवाड्याच्या गॅरेजची वही यांपैकी जे मिळेल त्यावर तोच चॅसी क्रमांक आहे का, ते पाहावे. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांपेक्षा जुन्या गाडीला जुन्या (व्हिंटेज) वाहनांसाठीच्या ‘व्हीए’ मालिकेतील नोंदणी क्रमांक घेता येतो, परंतु तो संस्थानी वारशाचा पुरावा ठरत नाही. विक्रेत्याने चॅसी क्रमांक पाहू दिला नाही, तर पुढील बोलणी करू नयेत.