मोठ्या नावाचं कॉलेज की परवडणारं कॉलेज? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलीला दोन कॉलेजांत ॲडमिशन मिळतेय. एक नावाजलेलं आहे, त्याची फी दुसऱ्याच्या जवळजवळ तिप्पट, म्हणजे एज्युकेशन लोन काढावंच लागेल. दुसरं साधं, तिथली फी साठवलेल्या पैशातून भागेल. कोर्स तोच, चार वर्षांचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी ती पहिलीच. नातेवाईक म्हणतात नाव बघा, पैसे काय नंतर वसूल होतात. खरंच होतात का?

उत्तर : काहींचे होतात, काहींचे वर्षानुवर्षं होत नाहीत, आणि फरक बऱ्याचदा इथेच पडतो की घरात फीचा आकडा सगळ्यांना पाठ असतो पण फेडायचा आकडा कुणी काढलेलाच नसतो. तो आधी काढू. समजा लोन १०० आहे, दरवर्षी सुरुवातीला २५ उचलले, व्याज १० टक्के आणि शिक्षण चालू असेपर्यंत हप्ता नाही. हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही असं खूप जण धरून चालतात. पण सरकारी सवलत वगैरे नसेल तर व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं आणि ते दरवर्षी मुद्दलात मिळत गेलं तर चौथं वर्ष संपताना डोक्यावर साधारण १२८ असतात. त्याचे १० वर्षांचे हप्ते पाडा, महिन्याला १.७ च्या आसपास, आणि सगळे भरून झाले की हातून गेलेले असतात २०२. घेतले १०० नि फेडले दुप्पट. शिकताना नुसतं व्याज जरी भरत राहिलात तरी हाच आकडा १८४ पर्यंत खाली येतो, त्यामुळे जमत असेल तर तेवढं नक्की करा.

आता दुसरी बाजू, पगाराची. माझ्या धाकट्या भावाच्या ॲडमिशनला मी एका कॉलेजात गेलो होतो, माहितीपत्रकावर सगळ्यात मोठ्या अक्षरात हायेस्ट पॅकेज आणि त्याखाली '९४ टक्के प्लेसमेंट'. मी काउंटरवरच्या मॅडमना विचारलं, वर्गात मुलं किती होती? १२०. प्लेसमेंटला नाव किती जणांनी नोंदवलं? ७०. नोकरी किती जणांना लागली? ६६. म्हणजे ९४ टक्के हे ७० पैकी, पूर्ण वर्गाचे धरले तर ५५ टक्केच. मॅडम खोटं बोलल्या नाहीत हो, विचारल्यावर सगळं नीट सांगितलं, पण मी विचारलंच नसतं तर?

सरासरी पगाराचंही तसंच. दहा मुलांपैकी नऊ जणांना ४० हजार आणि एकाला ४ लाख मिळाले तर सरासरी येते ७६ हजार, आणि तेवढा पगार त्या दहातल्या एकालाही नसतो. म्हणून मीडियन विचारा, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावले की अगदी मधला येतो तो. आणि तोही तुमच्या मुलीच्याच ब्रँचचा, पूर्ण कॉलेजचा नको.

नावाबद्दल एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या दोघांनी १९७६ साली कॉलेजला गेलेल्या मुलांची पुढची कमाई तपासली, २००२ मध्ये तो पेपर छापून आला. ज्यांनी सारख्याच कॉलेजांत अर्ज केले, ज्यांना सारखेच होकार-नकार आले, पण काही जण जास्त नावाजलेल्या कॉलेजात गेले नि काही कमी, त्यांच्या कमाईत फारसा फरक दिसला नाही. म्हणजे हुशार मूल कुठेही गेलं तरी बऱ्यापैकी कमावतं. पण गरीब घरातल्या मुलांना मात्र नावाच्या कॉलेजचा फायदा झालेला दिसला, आणि पुढच्या अभ्यासात आईवडील फारसे न शिकलेल्या मुलांनाही. माझ्या मते याचं कारण ओळखी. ज्यांच्या घरात आधीच चार शिकलेली माणसं आहेत त्यांना फोन करायला कुणीतरी असतं, तुमच्या लेकीला ते कॉलेजातूनच मिळणार. त्यामुळे नाव म्हणजे सगळा देखावा असं मी तुम्हाला सांगणार नाही.

मी तुमच्या जागी असतो तर एक रेघ आखली असती. कोर्स संपताना जे देणं होईल (वरच्या हिशोबातले १२८, १०० नव्हे) ते त्या कॉलेजच्या मीडियन पहिल्या वर्षाच्या पगारापेक्षा कमी असेल तर नावाजलेलं घ्या, बिनधास्त. जास्त असेल तर साधं घ्या, आणि मग ओळखींचं काम तिला स्वतः करावं लागेल, दुसऱ्या वर्षापासून इंटर्नशिप, पास होऊन गेलेल्या सीनिअर्सना मेसेज, शिक्षकांच्या मागे लागून प्रोजेक्ट. आणि हो, ठरवायच्या आधी नावाजलेल्या कॉलेजला फीमाफी किंवा स्कॉलरशिपसाठी लेखी अर्ज कराच, हे बरेच जण विचारतच नाहीत.

प्रश्न : मी चारपैकी तीन वर्षं पूर्ण केलीत. शिकवतात त्यात काही दम नाही, जे येतं ते मी ऑनलाइन शिकलोय. शेवटच्या वर्षाची फी वाचवून सरळ नोकरी शोधू का?

उत्तर : ऑफर हातात आहे का रे? नसेल तर सोडू नकोस. तीन वर्षांचे पैसे गेले ते गेले, ते हिशोबात धरूच नकोस, फक्त हे एक वर्ष बघ, त्याची फी आणि त्या वर्षात बुडणारा पगार एका बाजूला नि हातात येणारी डिग्री दुसऱ्या बाजूला. मायकल स्पेन्स नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७३ मध्ये मांडलं होतं (२००१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा याच कामासाठी) की कंपनीला तुझ्या डोक्यात काय आहे ते दिसत नाही, म्हणून ती खुणा बघते, आणि डिग्री ही तशी एक खूण आहे. तीन वर्षं केली ही खूण होत नाही, उलट मुलाखतीत 'मग सोडलं का' याचं उत्तर देत बसावं लागतं. कमाईच्या आकड्यांतही डिग्री पूर्ण करणारं वर्ष आधीच्या एकेका वर्षापेक्षा जास्त वाढवून देतं असं दिसतं, अभ्यासक त्याला शीपस्किन इफेक्ट म्हणतात, पूर्वी पदव्या मेंढीच्या कातड्यावर लिहायचे ना, त्यावरून. ऑफर असेलच तर आधी कॉलेजला विचार एक वर्षाचा ब्रेक मिळतो का, परत किती वर्षांत यावं लागतं, आणि ते लेखी घे.