‘जर्नल ऑफ इन्सेक्ट बिहेवियर’ कपाशीवाल्या शेतकऱ्याच्या कामाचं आहे का?

आहे, पण फवारणीच्या सल्ल्यासाठी नाही, कीटक असा का वागतो हे समजायला. १९८८ पासून निघणाऱ्या या इंग्रजी नियतकालिकात कीटक जोडीदार कसा शोधतो, अंडी कुठं घालतो, वासामागे कसा जातो, यावरचे शोधनिबंध येतात. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, आपण लावतो तो कामगंध सापळा अशाच अभ्यासातून आला. सापळ्यातल्या ल्यूरला, म्हणजे आमिषाला, गुलाबी बोंडअळीच्या मादीचा वास असतो, नर पतंग रात्री येऊन पिशवीत पडतात. मी यवतमाळकडे दर हंगामात सकाळी पिशवी सोडून ते मोजतो. सलग ३ रात्री, दर रात्री एका सापळ्यामागे ८ निघाले की फवारणीची पातळी गाठली. मादी मात्र सापळ्यात येत नाही, म्हणून हिरवी बोंडं फोडून पाहाच. औषध कोणतं, किती, ते कृषी विज्ञान केंद्रात विचारा.