चार ओहमचे स्पीकर, आठ ओहमचा ॲम्प

प्रश्न : वडिलांचा जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर आहे, ८ ओहमला ५० वॉट. मागे ‘८ ते १६ ओहम’ असं छापलंय. त्याला मी ४ ओहमचे टॉवर स्पीकर जोडले. अर्धा तास छान वाजतो, मग आवाज फाटतो, वरच्या पत्र्यावर हात ठेवता येत नाही आणि ॲम्प बंद पडतो. मल्टिमीटरवर स्पीकर ३.४ ओहम दाखवतो. स्पीकर खराब आहे का? दुकानदार म्हणतो, तारेत ४ ओहमचा रेझिस्टर टाका, नाहीतर जास्त वॉटचा ॲम्प घ्या.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : स्पीकर ठणठणीत आहे. मल्टिमीटर फक्त कॉइलच्या तारेचा रेझिस्टन्स मोजतो, तो छापील आकड्यापेक्षा कमीच येतो. गाणं वाजताना स्पीकरचा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा ओहममधला एकूण अडथळा, प्रत्येक सुराला बदलतो. मानकानुसार ४ ओहमचा स्पीकर ३.२ च्या खाली जाऊ नये, पण बाजारातले कितीतरी स्पीकर जातात. बऱ्याच टॉवरमध्ये ही घसरण नेमकी ढोलकीचा, तबल्याचा दणका असतो त्या पट्ट्यात येते.

आता तुमच्या ॲम्पचं बघा. ८ ओहमला ५० वॉट म्हणजे २० व्होल्ट आणि अडीच अँपिअर. नॉब तिथेच ठेवून ४ ओहम जोडलेत की तेच २० व्होल्ट पाच अँपिअर मागतात. ट्रान्सफॉर्मर आणि आउटपुट ट्रान्झिस्टर अडीचच्या हिशेबाने बसवलेले असतात. नवी पेठेत माझ्या टेबलावर असे ॲम्प येतात, तेव्हा ट्रान्झिस्टरखालच्या मायकाच्या चकतीवरची पांढरी पेस्ट सुकून भुकटी झालेली असते आणि शेजारची पीसीबी (सुटे भाग बसवलेली सर्किटची पाटी) तपकिरी पडलेली असते. तुमच्या ॲम्पची पेस्ट आधी बदलून घ्या. आणि आवाज फाटायला लागला की नॉब लगेच खाली आणा. ट्विटर (बारीक सुरांचे छोटे स्पीकर) जळतात ते बहुतेक वेळा अशाच फाटलेल्या आवाजात.

त्यात आपला मे महिना. हीटसिंक, म्हणजे ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग, खोलीपेक्षा ३५ अंशांनी जास्त तापत असेल, तर ४२ अंशांच्या दुपारी तो ७७ वर जातो. ॲम्प काचेच्या शोकेसमध्ये असेल तर आजच बाहेर काढा, वर वीतभर जागा मोकळी सोडा.

रेझिस्टर मात्र टाकू नका. निम्मी ताकद त्यातच जळेल, आणि स्पीकरचा ओहम सुरागणिक बदलत असल्यामुळे कुठला सूर दबेल, कुठला उठेल. बेस तर सैल पडणारच.

‘जास्त वॉटचा घ्या’ हाही अर्धाच सल्ला. कॅटलॉगमध्ये ४ ओहमचा आकडा वेगळा दिलाय का ते बघा. ८ ला ५० आणि ४ ला ८०-९० असं लिहिलं असेल तर त्याचा पॉवर सप्लाय दमदार आहे. ४ चा आकडाच नसेल तर तो ॲम्प या स्पीकरसाठी नको. काही रिसीव्हरना मागे ‘४ ओहम’चं बटण असतं. ते बहुतेक वेळा आतला व्होल्टेज कमी करतं. ॲम्प कमी तापतो, पण ताकदही जाते.

वायरही तपासा. अर्ध्या चौरस मिलिमीटरची पाच मीटर वायर जाऊन-येऊन ०.३५ ओहम खाते. ८ ओहमला ते खपून जातं, ४ ला नाही. अडीच चौरस मिलिमीटरची टाका.

माझं स्पष्ट मत : वडिलांचा ॲम्प विकू नका. त्याला चांगले ८ ओहमचे बुकशेल्फ स्पीकर द्या, तो पुन्हा नीट गाईल. टॉवरसाठी वेगळा ॲम्प सवडीने घ्या. तोवर टॉवर हळू आवाजात ऐकायला हरकत नाही, तेव्हा जेमतेम एक-दोन वॉट लागतात.

प्रश्न : ॲम्पला ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन जोड आहेत. हॉलमध्ये ८ ओहमचे, गच्चीवर ४ ओहमचे स्पीकर एकदम लावले तर?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : बहुतेक ॲम्पमध्ये दोन्ही जोड पॅरलल होतात, म्हणजे करंटला दोन वाटा मिळतात आणि एकूण ओहम घटतो. ८ आणि ८ मिळून ४, पण ८ आणि ४ मिळून २.७ च्या आत. मागे ‘ए + बी : ८ ओहम’ असं छापलं असेल तर त्याचा अर्थ दोन्हीकडचा प्रत्येक स्पीकर किमान ८ चा हवा. गच्चीवर ८ ओहमचे लावा. नाहीतर एका वेळी एकच जोड वाजवा.